उंची कमी म्हणून स्टॉपर नको म्हणतात? मग बारेसीचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १४ वर्षांचा, उंची ५ फूट ३ इंच, स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, खेळतो. निवड चाचणीत ‘या जागेला उंची लागते’ म्हणून त्याला परत पाठवलं. त्याचा कोच म्हणाला, इटलीचा जुना स्टॉपर फ्रँको बारेसी, त्याच्या मॅच बघ. तुम्ही नाव शोधलंत तर हाती आलं ते असं : गोल फारसे नाहीत, क्लब दोनदा खालच्या श्रेणीत गेला, आणि वर्ल्डकपच्या फायनलला पेनल्टी बारवरून मारली. अशा माणसाकडून पोरानं घ्यायचं काय?

मी कोल्हापुरात १७ वर्षं स्टॉपर खेळलो आणि आता पोरांना शिकवतो. माझी उंची ५ फूट ६ इंच. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, आणि मी त्याला तटस्थपणे उत्तर देईन अशी अपेक्षाही ठेवू नका.

आधी उंचीचं मिटवू. बारेसी १.७६ मीटर, म्हणजे ५ फूट सव्वानऊ इंचांच्या आसपास. युरोपात सेंटर बॅकसाठी, म्हणजे आपल्या स्टॉपरसाठी, ही उंची तेव्हाही कमीच होती. २००६ चा वर्ल्डकप उचलणारा इटलीचा कॅप्टन फाबियो कानाव्हारोही जवळपास तेवढाच, आणि त्या वर्षीचा बॅलन डी’ऑर, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्यालाच मिळाला. तेव्हा ‘उंचीशिवाय जमतच नाही’ हे खरं नाही. पण ‘उंचीनं काही फरक पडत नाही’ हेही खरं नाही, आणि ते तुम्हाला कोणी सांगत असेल तर तो तुमचं मन राखतोय. उंची कमी असेल तर दुसरं काहीतरी खूप जास्त लागतं. ते दुसरं काय, हे बारेसीच्या कारकिर्दीत इतकं स्वच्छ दिसतं की मीसुद्धा उदाहरण द्यायला त्याच्यापाशीच येतो.

त्याचा जन्म ८ मे १९६० चा, उत्तर इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या त्राव्हालियातो गावचा. किशोरवयातच आई गेली, वडीलही गेले. थोरला भाऊ ज्युसेप्पे, तोही फुटबॉलवालाच. त्याला मिलान शहरातल्या इंटरनं घेतलं. धाकटा फ्रँकोही इंटरच्या चाचणीला गेला, आणि अंगानं लहान म्हणून त्याला नको म्हटलं. तुमच्या पोराला मिळालं तेच उत्तर. मग त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबनं, एसी मिलाननं, त्याला उचललं. तिथं त्याला ‘पिशिनीन’ म्हणायचे. मिलानच्या बोलीत त्याचा अर्थ ‘बारका’. आपल्याकडे तालमीत एखाद्याला ‘बारक्या’ नाव पडतं आणि तो आजोबा झाला तरी सुटत नाही, त्यातलाच प्रकार. पुढं दोघे भाऊ शहराच्या दोन क्लबांचे कॅप्टन झाले आणि डर्बीत समोरासमोर उभे राहिले.

२३ एप्रिल १९७८ ला वेरोनाविरुद्ध तो पहिली लीग मॅच खेळला, वय १७. पुढच्याच हंगामात मिलान चॅम्पियन. १९ व्या वर्षी लीग खिशात. इथवर सगळं सुरळीत.

यानंतरचं तुम्ही ‘दोनदा खालच्या श्रेणीत’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळलंत, पण तिथं जरा थांबायला हवं. १९८० मध्ये इटलीत सट्टेबाजीचं प्रकरण उघडकीला आलं आणि शिक्षा म्हणून मिलानला खाली ढकललं. वर्षभरात वर आले. १९८२ मध्ये मात्र खेळूनच खाली गेले. त्या हंगामात बारेसी आजारपणामुळे कित्येक महिने बाहेर होता. आणि गंमत बघा, त्याच उन्हाळ्यात इटलीनं स्पेनमध्ये वर्ल्डकप जिंकला, आणि त्या संघात हा २२ वर्षांचा पोरगा होता. एक मिनिटही खेळला नाही, कारण त्याच्या जागेवर गाएतानो शिरेया होता आणि शिरेयाला कोण बसवणार? पण मेडल मिळालं. म्हणजे वर्ल्ड चॅम्पियन म्हणून घरी आला आणि ऑगस्टनंतर दुसऱ्या श्रेणीत खेळायला उतरला. दुसरीकडे जाणं त्याला अवघड नव्हतं. तो राहिला, आणि २२ व्या वर्षी कॅप्टनचा पट्टा त्याच्या दंडावर आला. तो पुढं १५ वर्षं उतरला नाही.

एवढं होऊनही राष्ट्रीय संघात त्याचं काही जमेना. प्रशिक्षक बेआर्झोत यांना तो हाफच्या, म्हणजे मिडफिल्डच्या, जागेचा खेळाडू वाटायचा. १९८६ च्या वर्ल्डकपला थोरला भाऊ गेला, हा घरी. २६ वर्षांचा डिफेंडर, दोनदा खाली गेलेल्या क्लबचा कॅप्टन, देशाच्या संघाबाहेर. त्या दिवशी कुणी त्याची कारकीर्द मोजली असती तर ‘बरा खेळाडू’ याच्या पलीकडे काही लिहिलं नसतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे १६ व्या वर्षी निवड झाली नाही की बाप क्रिकेटचं किट बघायला लागतात.

१९८७ मध्ये मिलानला अरिगो साक्की आले. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला माणूस. दुसऱ्या श्रेणीतल्या पार्माचा कोच. त्यांनी बारेसीला पार्माच्या मॅचच्या व्हिडिओ टेप दिल्या आणि सांगितलं, आमचा सिन्योरिनी कसा खेळतो ते बघ. देशाकडून खेळलेल्या मिलानच्या कॅप्टनला दुसऱ्या श्रेणीतला खेळाडू बघून शिकायला सांगायचं! आपल्याकडे एखाद्या पेठेच्या स्टार खेळाडूला असं सांगून बघा, संध्याकाळी तो दुसऱ्या मंडळाच्या कट्ट्यावर दिसेल. बारेसीनं टेप बघितल्या.

नेमकं बदललं काय? त्याआधी इटलीत लिबेरो म्हणजे सगळ्यांच्या मागं एकटा उभा असलेला माणूस. पुढचे डिफेंडर आपापला फॉरवर्ड धरून पळणार, कुणी सुटला तर लिबेरो साफ करणार. साक्कींनी हे मोडलं. चौघे एका रेषेत, प्रत्येकानं माणूस न धरता जागा धरायची, आणि सगळ्यात पुढच्या फॉरवर्डपासून मागच्या रेषेपर्यंत संघ २५ मीटरच्या आसपास आवळून ठेवायचा. समोरच्याला श्वास घ्यायला जागाच नाही. पण याचा अर्थ पाठीमागं अर्धं मैदान मोकळं. तिथं एक लांब बॉल पडला की खेळ खल्लास. मग तो बॉल पडू कसा द्यायचा नाही? ऑफसाईडनं : पास सुटताना फॉरवर्ड आपल्या रेषेच्या मागं, गोलच्या बाजूला असला तर तो धरला जातो.

साक्की एक प्रसंग सांगायचे. हॉलंडहून आलेले गुलित आणि व्हॅन बास्तेन यांना ही सगळी शिस्त पटेना. साक्की म्हणाले, माझ्याकडे गोली आणि चार डिफेंडर, तुमच्याकडे दहा जण. पंधरा मिनिटं गोल करून दाखवा. अट एकच : बॉल गेला की पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरू करायचं. गोलमध्ये ज्योव्हानी गाल्ली, पुढं तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी. दहा जणांना एकही गोल करता आला नाही.

आता त्या चौघांत बारेसी करत काय होता? इथं तुमच्या पोराला जवळ बसवा.

चौघांना एकाच क्षणी पुढं किंवा मागं सरकायचंय. कुणीतरी ठरवणार, आणि ठरवायला फार तर अर्धा सेकंद. तो अर्धा सेकंद बारेसीचा. समोरून बॉल येतोय, तर तो फॉरवर्डकडे बघत नाही, बॉलकडेही फार नाही. तो पास देणाऱ्याच्या डोक्याकडे आणि पायाकडे बघतो. त्याची मान खाली आहे, पाठ आपल्याकडे आहे, किंवा आपला हाफ त्याला चिकटलाय, तर त्याला लांब पास देता येणार नाही : चला पुढं. त्याची मान वर आहे, आसपास कुणी नाही, पाय मागं उचललाय, तर बॉल येणार : मागं पळा, आत्ताच. बॉल सुटल्यावर मागं पळणारा स्टॉपर पाच फुटांचा असो की सहाचा, हरलेलाच असतो. पाय मागं उचलला गेला तेव्हाच निघालेला स्टॉपर दोन पावलं आधी पोचतो. ही दोन पावलं म्हणजे उंची. तुमच्या पोराला जे कमी आहे ते तो इथून काढू शकतो.

त्याच्या उभं राहण्यात आणखी एक गोष्ट दिसेल. तो फॉरवर्डच्या समोर छाती करून क्वचितच उभा राहतो. अंग तिरकं, एक खांदा आपल्या गोलकडे, वजन पंजावर. त्यामुळे वळायला वेळ जात नाही. आमच्याकडची पोरं दोन्ही टाचा टेकवून, कमरेवर हात ठेवून उभी असतात, आणि फॉरवर्ड पळाला की आधी हात काढतात, मग वळतात. तेवढ्यात बॉल जाळीत.

आणि तो प्रसिद्ध वर केलेला हात. बारेसीचे फोटो बघाल तर निम्म्या फोटोंत हात वर, शर्ट पँटच्या बाहेर. लाईनमनकडे बघत ऑफसाईड मागतोय. ही एक गोष्ट मात्र पोराला शिकू देऊ नका. पहिलं कारण, हात वर केला की पाय थांबतात, हे मी शेकडो वेळा बघितलंय. बारेसीचे थांबत नसत, हा फरक फोटोत दिसत नाही. दुसरं कारण, नियम बदलला. १९९० पर्यंत फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या बरोबरीत असला तरी ऑफसाईड होता. त्या वर्षापासून बरोबरीत असलेला ऑनसाईड झाला. पुढं, जो खेळात भाग घेत नाही त्याला ऑफसाईड धरायचं नाही, हा अर्थही रुजत गेला. त्यामुळे आज नुसतं पुढं सरकून, हात वर करून कुणी वाचत नाही. आमच्या स्थानिक मॅचमध्ये तर लाईनमन रेषेपासून दहा पावलं मागं असतो, त्याच्या भरवशावर ऑफसाईडचा सापळा लावणारा स्टॉपर मी एकाच मॅचपुरता ठेवतो. पास देणाऱ्याचं डोकं वाचायची विद्या तेवढी जुनी होत नाही.

बाकीचं भराभर सांगतो, कारण विजेतेपदांची यादी तुम्हाला कुठंही मिळेल. १९८८ ला लीग. १९८९ च्या युरोपियन कपात सेमीफायनलला रेआल माद्रिदला घरच्या सान सीरो मैदानावर ५-०, मग बार्सिलोनातल्या फायनलला रुमानियाच्या स्तेआउआला ४-०. १९९० ला पुन्हा तोच कप. १९८९ च्या बॅलन डी’ऑरला पहिला व्हॅन बास्तेन, दुसरा बारेसी, तिसरा रायकार्ड, तिघेही मिलानचे. नंतर कापेल्लो कोच झाले, आणि १९९१ ते १९९३ मिलान लीगच्या ५८ मॅच हरलं नाही. १९९३-९४ च्या हंगामात तर ३४ मॅचमध्ये स्वतः जेमतेम ३६ गोल केले आणि चॅम्पियन झाले, कारण खाल्ले फक्त १५. फॉरवर्डच्या जोरावर लीग जिंकतात म्हणणाऱ्यांना मी हा आकडा ऐकवतो. एकूण सहा लीग, मिलानसाठी ७१९ मॅच. १९९० च्या घरच्या वर्ल्डकपातही इटलीनं सेमीफायनलपर्यंत एकही गोल खाल्ला नव्हता. नेपल्समध्ये अर्जेंटिनाच्या कानिज्जानं डोक्यानं तो पहिला गोल घातला आणि पुढं इटली पेनल्ट्यांवर हरलं. त्या पेनल्ट्यांत बारेसीनं आपली मारली होती, हे कुणाला आठवत नाही.

आठवते ती दुसरी. १९९४.

त्या वर्षी मी १९ वर्षांचा. आमच्याकडे तेव्हाही दोनच पक्ष, ब्राझील आणि अर्जेंटिना, घरांच्या भिंती त्याच रंगात. फायनल आपल्या वेळेनुसार रात्री १ वाजता. जुलैचा पाऊस, मंडळाच्या खोलीत एक टीव्ही, चाळीसएक पोरं, आणि सगळी ब्राझीलची. मीही. रोमारियो आता किती घालतो यावर चहाच्या पैजा लागल्या होत्या. मला आदल्याच महिन्यात एका संघानं ‘स्टॉपरला तू बारका पडतोस’ म्हणून बसवलं होतं, त्यामुळे मी जरा घुश्शातच बसलो होतो.

बारेसीचं काय झालं होतं ते आधी सांगतो. २३ जूनला नॉर्वेविरुद्धच्या मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, गेला. तिथंच, अमेरिकेत, दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. वय ३४. सगळ्यांनी धरलं, संपला. फायनलला कोस्ताकुर्ता निलंबित, तासोत्तीवर तर स्पेनच्या मॅचमधल्या कोपरामुळे ८ मॅचची बंदी. आणि १७ जुलैला, ऑपरेशनला महिनाही झाला नसताना, हा माणूस कॅप्टन म्हणून पासाडेनाच्या दुपारच्या उन्हात उतरला. समोर रोमारियो आणि बेबेतो.

खोलीत हळूहळू आवाज कमी होत गेला. रोमारियोला बॉल मिळाला की पोरं उठायची आणि परत बसायची. दरवेळी बॉल जिथं येणार तिथं तो ६ नंबर आधीच उभा. पडून टॅकल करणं फारसं नाहीच. नुसतं एक पाऊल आधी, पाय पुढं, बॉल बाजूला. एकदा रोमारियोनं अंग डावीकडं टाकलं आणि उजवीकडं निघाला, आख्खी खोली डावीकडं झुकली. बारेसी झुकला नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा मॅच बॉल सोडून बघितली. १२० मिनिटं, ०-०. शेवटी शेवटी त्याच्या पायाला गोळे यायला लागले होते, आणि पहिली पेनल्टी मारायला तोच आला. बॉल बारवरून गेला. तो खाली बसला. पुढं मास्सारोचीही गेली, शेवटची रोबेर्तो बाज्जोचीही वरून गेली, ब्राझील जिंकलं, आमची पोरं पावसात नाचायला बाहेर पळाली. टीव्हीवर बारेसी रडत होता. मी आतच बसून राहिलो. पैजेचा चहा प्यायलाही गेलो नाही.

एक बाजूचं सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी चुकीचा धडा घेईल. ऑपरेशननंतर २५ दिवसांच्या आत खेळणं हा शहाणपणा नव्हे. त्याच्यामागं देशाच्या संघाचे डॉक्टर होते आणि पुढं वर्ल्डकपची फायनल होती. आमच्या एका चांगल्या बॅकनं असाच गुडघा बांधून लीगची मॅच खेळली, आज त्याला जिना उतरताना कठडा लागतो. पोराचा गुडघा सुजला असेल तर फायनल असली तरी त्याला डगआउटमध्ये बसवा, आणि कोचनं आरडाओरडा केला तर करू द्या.

बारेसी १९९७ ला थांबला. मिलाननं ६ नंबरचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला. निवृत्तीनंतरचं फार सांगण्यासारखं नाही : २००२ मध्ये फुलहॅम या इंग्लिश क्लबात थोडे आठवडे संचालक, मग मिलानच्या युवा संघाचा कोच, नंतर क्लबच्या मानाच्या पदावर. मोठा कोच काही तो झाला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. जे आपल्याला न सांगता दिसतं ते दुसऱ्याला सांगणं सगळ्यात अवघड. पास देणाऱ्याचं डोकं बघ, हे एक वाक्य सापडायला मला शिकवायला लागल्यावर आठ-नऊ वर्षं लागली.

आता करायचं काय. हायलाइट्स दाखवू नका. त्यात बारेसी नसतोच, कारण त्यानं जे केलं त्यामुळे हायलाइट झालीच नाही. पासाडेनाची पूर्ण मॅच शोधा, आणि रेआलविरुद्धची ५-० वाली. पोराला सांगा, पहिली वीस मिनिटं फक्त ६ नंबर बघायचा, बॉल कुठंही असू दे. ब्राझीलच्या हाफच्या पायात बॉल आला की मॅच थांबवा आणि विचारा : पुढं की मागं? तो सांगेल, मग चालू करा. पहिल्या दिवशी दहापैकी चार बरोबर आली तरी चांगलं. महिनाभरात सातवर यायला हवीत. माझ्याकडची एक मुलगी नऊवर गेली होती, आणि ती हाफ खेळते, स्टॉपर नाही.

मैदानावर त्याचे तीन जोडीदार गोळा करा. चौघांच्या कमरेला एक लांब दोरी बांधा, दोघांमध्ये साताठ पावलं अंतर. समोर एक जण बॉल घेऊन उभा. तो पाठ करतो, चौघे पुढं. तो मान वर करतो, चौघे मागं. आवाज फक्त तुमच्या पोरानं द्यायचा, बाकीच्यांनी तोंड बंद. दोरी ताणली गेली की कोण झोपलं होतं ते लगेच कळतं. वीस मिनिटं पुरे, त्यापुढं पोरं एकमेकांना ओढायला लागतात. आणि दोरी सुताची घ्या, नायलॉनची नको. पडली की कातडं सोलून निघतं.